आमच्या ह्यांनी पंगत सुधारली

आमच्या ह्यांना एक खोड आहे. जे नीट चाललंय ते सुधारायला जायचं. नाव एकदाच घेते, रंगनाथ. पुढं सगळीकडं 'हे' म्हणेन, कारण लग्न झाल्यापासून तीच सवय आहे आणि ती सुधारायची मला अजिबात हौस नाही.

हे साखर कारखान्यात ऊस यार्डावर होते. उसाच्या गाड्या, ट्रॅक्टर रांगेला लावायचे, नंबरानं आत सोडायचे आणि गव्हाण रिकामी पडू द्यायची नाही. गव्हाण म्हणजे जिथं ऊस ओततात ती जागा, तिथून तो पुढं गाळपाला जातो. गव्हाण रिकामी राहिली की साहेब ओरडायचे, म्हणून हे जेवतानासुद्धा एक डोळा तिकडंच ठेवायचे. यार्डावर ह्यांची लई वट होती. गाडीवान ह्यांना बघून बिडी विझवायचे, असं हे सांगतात. मी काही बघायला गेले नव्हते.

रिटायर झाले, शाल-नारळ घेऊन घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या चुलीपाशी येऊन उभे राहिले.

"पुष्पा, पिठाच्या डब्यापास्नं चुलीपर्यंत तू किती हेलपाटे मारतीस, ध्यानात आलंय का तुझ्या?"

"हेलपाटे मारते म्हणून गुडघे शाबूत आहेत," मी म्हणाले. "तुम्ही चहा घ्या अन् पारावर जा."

ऐकतील तर ते हे कसले! मी बाजाराला गेले तेवढ्यात ह्यांनी आढ्याला कप्पी बसवली, तिला साखळी आणि साखळीला पिठाचा डबा. दोरी ओढली की डबा बरोबर परातीवर यायचा. मला दाखवायला म्हणून ओढली, आणि डबा परातीवर न येता ह्यांच्या डोक्यावर आला. सगळं बाजरीचं पीठ अंगावर! नुसते डोळे तेवढे दिसत होते. मी हसता हसता उंबऱ्यावर बसकण मारली. हे मात्र त्या पिठातूनच म्हणतात, "साखळी दोन बोटं लांब झाली."

सगळंच वाया जातं असं नाही, खोटं कशाला बोलू. न्हाणीचं पाणी ह्यांनी चर काढून केळीला नेलं, ते छान झालं. पण शेळ्यांना धार काढायच्या क्रमानं बांधलं, तर शेळ्यांनी एकमेकींची दावीच खाऊन टाकली. तेव्हापासून गावात कुणाचं काही अडलं, की लोक हसून म्हणायचे, "बोलवा रंगनाथरावांना, आनखी बिघडवून देतील."

तर अशा माणसाच्या हातात गावची पंगत गेली, आणि ती माझ्यामुळं गेली.

आमचं गाव नेवाशाच्या अंगाला, प्रवरेच्या पाण्यावर ऊस काढणारं. चैत्रात आमचा सप्ता असतो. आठवडाभर काकडा, हरिपाठ, कीर्तन आणि रोज दुपारी गावापुरती पंगत. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं की महाप्रसाद, त्याला आसपासची गावं लोटतात. जेवण एकच, आमटी-भाकरी. आमटी देवळामागं मोठाल्या कढयांत रटरटत असते. भाकरी मात्र घराघरातून येते. वस्त्यावस्त्यांवर ट्रॅक्टरची ट्रॉली फिरते आणि बाया आपापल्या भाकरी फडक्यात बांधून तिच्यात ठेवतात.

आणि पंगतीची रीत अशी, की शेवटच्या माणसाच्या पत्रावळीवर भाकरी अन् द्रोणात आमटी पडल्याशिवाय पहिल्यानं घास घ्यायचा नाही. सगळ्यांना वाढून झालं, माईकवरून जयघोष झाला, की मग जेवायचं. एकदा बसलेल्यानं मधून उठायचंही नाही. तो अन्नाचा अपमान.

मागच्या वर्षी ही रीतच आमच्या अंगावर आली. काल्याच्या दिवशी आमटी वाढून झाली अन् भाकरी काही पुढं सरकेना. पंगत बसते त्या अर्ध्या रानात नुसते द्रोण भरलेले. ऊन डोक्यावर, पोरं रडायला लागलेली, आमटी गार. शेवटी शेजारच्या गावची काही माणसं पंगतीतून उठून चालायला लागली. राधाकृष्ण मास्तर, आमच्या सप्ता कमिटीचे अध्यक्ष, हात जोडून त्यांच्या मागं पळाले, तरी ती थांबली नाहीत. आमच्याकडं याहून मोठी नाचक्की नाही.

म्हणून यंदा मास्तरांनी देवळात बैठक बोलावली आणि सांगून टाकलं, "भाकरी बंद. नगरच्या आचाऱ्याला पुरी-भाजीचं काम देऊ. एका जागी तळायचं, तिथंच वाढायचं. मला पुन्हा तशी शरम सोसायची नाही."

माणूस वाईट नव्हे. आमच्या निम्म्या गावाला त्यांनीच अक्षरओळख करून दिली. पण हे काही मला पटेना. सप्त्यात वीणा पुरुषांच्या गळ्यात, टाळ पुरुषांच्या हातात, कीर्तनकार पुरुष, कमिटी पुरुष. मग आम्हा बायांचं त्यात काय? भाकरी! पहाटे उठून, न्हाऊन, देवाचं नाव घेत थापलेली भाकरी. ती गेली, की आम्ही आपल्याच गावच्या सप्त्याला पाहुण्या. माझं डोकं फिरलं, मी उठून उभीच राहिले.

"मास्तर, भाकरी बंद करायच्या आधी तिचं अडतंय कुठं ते तरी बघा. आमच्या घरात सुधारणा करायला टपलेला एक माणूस रिकामा बसलाय. त्याला द्या काम!"

सगळं देऊळ हसलं. ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू पुन्हा लग्न लागतंय. मास्तर जरा विचार करून म्हणाले, "ठीक आहे. सप्त्याच्या पहिल्या तीन पंगती रंगनाथरावांच्या ताब्यात. तिसऱ्या दिवशी मला आचाऱ्याला हो की नाही कळवायचंय. जमलं तर भाकरी, नाहीतर पुरी."

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. घरी येताना मला शेळ्या आठवत होत्या.

ह्यांना मात्र कसं झालं म्हणता! आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. जेवता जेवता सुधारणा सुरू. वाढप्यांना शिट्टी द्यायची. रांगांना झेंडे लावायचे. ट्रॉल्यांना टोकन द्यायचं. आणि आमटी कढईतून पायपानं थेट पंगतीत न्यायची, जागोजागी तोटी! त्यासाठी हे फैयाजकडं गेले. फैयाजचं फाट्यावर वेल्डिंगचं दुकान आहे आणि त्याचीच ट्रॉली आमच्या वस्तीवर भाकरीला फिरते. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं अन् म्हणाला, "काका, आमटीत डाळ असती. पायप तुंबला तर तुमी फुकणार का मी?"

"अहो, एक काय ते निवडा," मी म्हणाले. "आमटीत तिखट, मीठ, चिंच सगळं एकदम वाढवलं, तर बिघडली कशानं ते कळतं का कुणाला?"

हे पटलं ह्यांना. गप्प बसून विचार केला, आणि निवडली कुठली सुधारणा? यार्डावरची! "गव्हाण रिकामी राहता कामा नये. भाकरी उशिरा येती, कमी येती, म्हणून पंगत थांबती. भाकरी लवकर अन् जास्त आणायची. झालं!"

मलाही ते खरं वाटलं. गावच्या ग्रुपवर निरोप गेला, बाया तासभर आधी उठल्या, ट्रॉल्या नंबरानं येऊन देवळापाशी लागल्या. पहिल्या दिवशी भाकरीचा डोंगर! हे कमरेवर हात ठेवून असे उभे, जसा काही गाळपाचा विक्रम झालाय. आणि पंगत? मागच्या वर्षीपेक्षा उशिरा. भाकरी ट्रॉलीत ढिगानं पडलेली आणि पत्रावळी रिकाम्या. लोक म्हणाले, आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी. कुणीतरी मागून शेळीसारखं ओरडलं. मास्तरांनी खिशातून मोबाईल काढून आचाऱ्याचा नंबर शोधलेला मी बघितला.

त्या दिवशी हे जेवले नाहीत. उपाशी माणसावर मला रागावता येत नाही, तरी रागावले.

"यार्डावर तुम्ही कायम उभे. पंगतीत कायम उभे. अहो, उभ्या माणसाला सगळ्यांच्या टाळक्यांशिवाय काय दिसतंय? उद्या खाली बसा. शेवटच्या रांगेत, शेवटच्या पत्रावळीवर."

"मग बघायचं कुणी?"

"तुम्हीच. पण बसून."

बसले. दुसऱ्या दिवशी अगदी टोकाला, बाभळीच्या बुंध्याशी. मी नेहमीप्रमाणं ट्रॉलीपाशी उभी होते, तिथून मला ते दिसत होते. काय तो जीव तळमळत होता! हात शिवशिवतायत, मान वर होतेय, एकदा तर अर्धवट उठलेसुद्धा. शेजारच्या म्हाताऱ्यानं धोतर धरून खाली बसवलं. पंगतीतून उठायचं नाही म्हणजे नाही. मग करणार काय? बघत बसले. वाढपी ट्रॉलीकडं गेला की परत कधी येतो, तिथं काय करतो, याच्याशिवाय त्या माणसाला बघायला काही उरलंच नव्हतं.

जयघोष झाला, जेवण झालं, आणि हे पत्रावळ उचलून तडक माझ्याकडं आले. चेहरा असा फुललेला!

"पुष्पा, भाकरी कमी न्हाईच. गाठी सुटंनात!"

आणि मग मलाही दिसलं. इतकी वर्षं तिथंच उभी होते, पण दिसलं नव्हतं. ट्रॉलीत प्रत्येक घरचं वेगळं गाठोडं. भाकरी मऊ राहावी म्हणून प्रत्येकीनं करकचून मारलेली गाठ. ट्रॉलीवरची पोरं ती नखानं, दातानं सोडणार, मग फडक्याच्या कोपऱ्यावरची खूण बघून ओरडणार, "हे कुणाचं?" ती बाई पुढं होऊन फडकं घेणार, मग पुढचं गाठोडं. आणि खाली वाढपी रिकाम्या पाट्या घेऊन रांगेत उभे. आधी फडकी एका ढिगात पडायची आणि आम्ही त्यातून आपापली शोधायचो; एकेकीला हाक मारून द्यायचा हा नियम मास्तरांनीच मागच्या वर्षी घातला होता, कारण त्याच्या आदल्या सप्त्यात आमच्या वस्तीवरच्या बायडाबाईचं फडकं हरवलं होतं आणि तिनं सगळं गाव डोक्यावर घेतलं होतं. म्हणजे ती एक सुधारणाच होती! आणि आम्ही तासभर आधी उठून काय केलं, तर आणखी गाठी आणून टाकल्या.

ह्यांचा इलाज तयार होता. "उद्यापास्नं फडकी बंद."

"हे बायांसमोर असं बोलू नका," मी म्हणाले. पण बोललेच. संध्याकाळी बायडाबाईच्या अंगणात वस्तीवरच्या बाया जमवल्या होत्या, तिथं पहिलं वाक्य हेच. मग काय विचारता!

"फडकं न्हाई तर भाकर न्हाई," बायडाबाई कडाडली. वयानं आमच्यात सगळ्यात मोठी, आणि तिची भाकरी सगळ्यात पातळ. "मग काय हातावर नाचवत आनू?"

हे जरा दबले, पण सांगितलं नीट. गाठोडं घरापासून ट्रॉलीपर्यंतच आणायचं. तिथं आपल्या हातानं सोडायचं, भाकरी ट्रॉलीत रचायच्या आणि फडकं परत घरी न्यायचं. देवळापाशी सोडायला गाठच उरणार नाही. फैयाज ट्रॉली घासून धुणार होता, आत अंथरायला त्याची आई रोशनबी कोऱ्या चादरी देणार होती. ती स्वतः तिथं आली होती, तिचीही भाकरी दर वर्षी असते. ती म्हणाली, "तव्यावरची लगेच रचू नका बायांनो. वाफ जिरू द्या, न्हाईतर खालच्या भिजत्यात."

सगळ्यांना पटत होतं, तरी कुणी हो म्हणेना. शेवटी बायडाबाईच बोलली, आवाज एकदम खाली आलेला. "ढिगात घातली, तर माझी कोंची अन् दुसरीची कोंची, कुनाला कळनार गं?"

खरं सांगते, मलाही तेच लागलं होतं. माझ्या फडक्याच्या कोपऱ्यावर मी लाल दोऱ्यानं गुलाब काढलाय. ट्रॉलीवरचं पोर ते सोडताना म्हणतं, "ही पुष्पाकाकूंची, मऊ असतीय." त्या एका वाक्यासाठी मी पहाटे उठते, देवासाठी उठते असं सांगत. ते जाणार म्हटल्यावर माझ्या जिवावर आलं होतं. आणि स्वतःचाच राग येऊन मी बोलले ते जरा जोरातच.

"बायडाबाई, पुरीवर तर आपल्यातल्या एकीचंही नाव नसणार. नाव धरून भाकरी घालवायची, का नाव सोडून भाकरी राखायची, ते आत्ताच ठरवा. माझ्या भाकरी उद्या ढिगात पहिल्या पडतील."

बायडाबाई म्हणाली, "माझ्या वरच्या थरात ठिवायच्या. तळाला मोडत्यात त्या."

ह्यांनी थरांबद्दल काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मी डोळे वटारले, तेव्हा मिटलं. शिट्टी तर मी आधीच खिशातून काढून घेतली होती. बाकीच्या वस्त्यांनाही रात्रीच ग्रुपवरून तसा निरोप गेला.

तिसरा दिवस. फैयाजची ट्रॉली आली, मागचा फाळका उघडला, आत पांढऱ्या चादरीवर भाकरीच भाकरी. वाढप्यांनी पाट्या भरल्या आणि निघाले. पुन्हा आले, पुन्हा निघाले. थांबायला कारणच नव्हतं. शेवटच्या पत्रावळीवर भाकरी पडली, द्रोणात आमटी पडली, वाफ निघतेय, सगळी पंगत हात धुऊन तयार, आणि जयघोष काही होईना! सगळे इकडंतिकडं बघायला लागले. मास्तर कुठायत? मास्तर आपले निवांत ओसरीवर चहा पीत बसलेले. दरवर्षीच्या हिशेबानं त्यांना अजून भरपूर अवकाश होता.

"मास्तर, आता तुमच्यापायी पंगत थांबलीय!" मी ओरडले.

कपबशी तशीच टाकून ते माईककडं पळाले, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. पंगत हसतेय, हे हसतायत, मास्तर धापा टाकत स्वतःच हसायला लागले. त्या दिवशीचा जयघोष निम्मा हसण्यातच गेला. जेवणं झाल्यावर त्यांनी सगळ्यांच्या देखत आचाऱ्याला फोन लावला. "नाही हो, यंदा नको. आमच्याकडं भाकरी आहे." बायडाबाईनं माझा हात असा दाबला, की बांगडी पिचली.

आणि मग काल्याचा दिवस. दहीहंडी फुटली, कीर्तन संपलं, आणि रानात नजर जाईल तिथवर माणूस बसलं. मागच्या वर्षी उठून गेलेली ती मंडळीसुद्धा आली होती. वस्त्यावस्त्यांच्या ट्रॉल्या येऊन लागल्या. मधले दिवस तिथं उगाच उभी राहत होते, तशीच मी पदर खोचून सवयीनं ट्रॉलीकडं चालले, आणि मधेच थांबले. जायचं कशाला? घ्यायला फडकं कुठाय? मागं बघते तर सगळ्या बाया तशाच थबकलेल्या. दरवर्षी आम्ही ट्रॉलीपाशी ताटकळायचो, आपापली फडकी गोळा करायचो आणि मग उरलंसुरलं गार खायचो. पहिल्या पंगतीला बसायचं आमच्यातल्या कुणाच्या कधी मनातच आलं नव्हतं. ह्यांच्याही डोक्यात ते नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

"चला गं," बायडाबाई म्हणाली, "आज आपुन बसू."

बसलो. रांगच्या रांग बायांची, पहिल्या पंगतीला, शेतात. माझ्या पत्रावळीवर भाकरी पडली, द्रोणात गरम आमटी. जयघोष झाला आणि मी घास घेतला. सून होऊन या गावात आले, तेव्हापासून सप्त्याची आमटी गरम असते हे मला ऐकूनच माहीत होतं. डोळ्यात पाणी आलं. तिखटानं नव्हे.

शेजारी बायडाबाईनं भाकरी उलटीसुलटी करून बघितली. "ही माझी न्हाई. जाड हाय." आणि बघता बघता संपवली. "आनखी एक आना रं हिकडं!"

पाटी घेऊन जो वाढपी आला, ते हे होते. घामाघूम, टोपी वाकडी, आनंदानं वेडे झालेले. आमच्यासमोर वाकले. माझ्या उभ्या संसारात ह्यांनी कधी मला ताट वाढलं नव्हतं, हे त्यांनाही त्याच वेळी सुचलं असावं, कारण भाकरी हातात धरून तसेच थांबले. मग हळूच म्हणाले, "पुष्पा, वाढू?"

पोट भरलेलं होतं माझं. तरी मी पत्रावळ पुढं सरकवली आणि म्हणाले, "वाढा. आणि आमटीवाल्यालाही पाठवा, गरम आहे तोवर."